सुबराव आण्णांचा भंडारा

मायाप्पानं अंगठा मुठीत मिटून घेतला आणि मूठ मांडीखाली दाबून ठेवली. शाईचं पॅड मी उघडून त्याच्यापुढे सरकवलं होतं. अर्जाच्या शेवटच्या पानावर अंगठा कुठे उठवायचा तेही पेन्सिलीनं दाखवून ठेवलं होतं. शेजारी उभा असलेला जेलचा हवालदार जांभया देत होता, आणि मी पुन्हा पुन्हा तेच समजावत होतो की राज्यपालांकडे दयेचा अर्ज गेला तरच फाशी थांबेल, नाहीतर थांबवणारं आता कुणी उरलेलं नाही.

"दया म्हंजे माफीच न्हवं?" त्यानं विचारलं.

"तसंच समजा."

"मग ती केल्यालं आसंल त्येनं मागायची. म्या केलंय का न्हाई, ते मलाच ठावं न्हाई."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. मला सनद मिळून फार दिवस झालेले नव्हते. आमचे सीनियर खासनीस वकील यांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं, कारण त्यात मिळायचं काही नव्हतं आणि जिंकायचं त्याहून नव्हतं. अर्जाचा मसुदा छापील असतो, नावं घाल आणि अंगठा घेऊन ये, असं ते म्हणाले होते. मी निमूटपणे तेवढंच करायला हवं होतं. पण जेलकडे येताना एसटीत मी खटल्याचे कागद वाचले आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

प्रकरण असं होतं. जत तालुक्यात माळावर धनगरांची एक वस्ती. तिथे मायाप्पा गोरडचा चुलतभाऊ धोंडीराम आणि त्याची बायको मेंढरं कोंडायच्या वाघरीशेजारी झोपले असताना कुऱ्हाडीनं तोडले गेले. आदल्या संध्याकाळी मायाप्पाचं आणि धोंडीरामचं चराईवरून जोराचं वाजलं होतं. तुला जित्ता ठेवत न्हाई, असं मायाप्पा चार माणसांत बोलला होता. मग तो पोटभर दारू प्याला आणि सकाळी ओढ्यात झोपलेला सापडला. त्याची रक्ताळलेली कुऱ्हाड घायपातात मिळाली. भांडणात ती तिथेच टाकून आलो असेन, असं त्याचं म्हणणं. नक्की काय केलं ते त्याला आठवत नव्हतं.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे सुबराव गोरड यांची साक्ष. सुबराव हे त्या भावकीतले वडीलधारे, सगळी वस्ती त्यांना आण्णा म्हणायची. मायाप्पाला घाव घालताना ओढ्यापलीकडून चांदण्यात पाहिलं, असं त्यांनी कोर्टात सांगितलं. पाहिलं तर ओरडले का नाहीत, पोलिसांना दुसऱ्या दिवशी दुपारी का सांगितलं, त्या वयात त्यांना रात्री कितपत दिसत होतं, हे त्यांना कुणी धड विचारलंच नव्हतं. धोंडीरामला मूलबाळ नव्हतं आणि त्याची मेंढरं आता सुबरावांच्या वाघरीत होती. मला एका वाचनात एवढं दिसलं. पण वरच्या कोर्टांनी शिक्का मारून झाला होता आणि शंकेचा फायदा द्यायची वेळ टळून गेली होती.

"मायाप्पा, अंगठा द्या," मी म्हणालो. "केलं की नाही हे या कागदात कुणी विचारत नाही."

"म्या इचारतोय की." तो म्हणाला, "आण्णाला बिरोबाम्होरं भंडारा उचलाया लावा. उचलला तर म्या केलंय. मग मला लटकवू द्या, धोंड्यापाशी जाऊन त्येचं पाय धरतो. न्हाई उचलला, तर म्या केलं न्हाई. मग देतो आंगठा, कुटं म्हनशीला तितं."

"त्यांनी कोर्टात शपथ घेतलेली आहे."

"त्ये कोर्टातलं," मायाप्पा म्हणाला, जणू मी काहीतरी पोरकट बोललो होतो.

भंडारा म्हणजे देवाची, इथे धनगरांच्या बिरोबाची, हळद. तळहातावर बेल आणि भंडारा घेऊन देवासमोर बोलायचं, आणि खोटं बोललं तर वंश बुडतो, वर्षाच्या आत बुडतो, ही त्या माळावरची समजूत. कोर्टात चार खोट्या साक्षी सहज देणारा माणूसही तिथे भंडाऱ्याला हात लावायला कचरतो, हे मी ऐकून होतो. पण राज्यपालांच्या दारात जाणारा अर्ज बिरोबाच्या पायरीवर अडलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याच्या बायकोच्या नावानं अर्ज करावा, तर खुद्द कैदीच नको म्हणतोय असं जेलनं कळवल्यावर त्याला कोण विचारणार. मुदत शनिवारी संपत होती.

बाहेर, जेलच्या भिंतीलगत मायाप्पाची बायको बायाक्का बसून होती. मी चिडून सगळं सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. ती उठून उभीच राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा रंग पाहिला.

"आण्णा उचलनार न्हाई," ती म्हणाली. "चला."

खासनीसांना मी फोन केला तेव्हा त्यांनी माझी यथेच्छ खिल्ली उडवली. वकिली सोडून देवऋषीपण करणार असशील तर पाटी बदलून घे, म्हणाले. तरी जाऊ नको असं काही ते म्हणाले नाहीत.

एसटीतून उतरल्यावर माळ तुडवत वस्तीवर जाईपर्यंत बायाक्का माझ्या पुढे होती, आणि मी मागून धापा टाकत. ती चालता चालता सारखी बोलत होती. सुबराव आण्णाला तीन नातवंडं आहेत, धाकटं तर अजून पाळण्यात आहे, असं सांगत होती. पलीकडच्या वाडीतल्या कुणीतरी खोटा भंडारा उचलला आणि त्याचा एकुलता मुलगा विहिरीत गेला, ते सांगत होती. तिचा स्वतःचा मुलगा बाळू, सात-आठ वर्षांचा, तिच्या आईकडे होता. मालक सुटले की त्याला आणायचा, हेही तिनं ठरवून टाकलं. नुसत्या अर्जानं कुणी सुटत नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

सुबराव आण्णा लिंबाखाली सूत काढत बसले होते. माणूस ताठ होता, बोलायला सौम्य. मला बसायला घोंगडी दिली, ताक दिलं. मी आलो कशासाठी ते ऐकल्यावर त्यांच्या हातातली चाती थांबली, ती बराच वेळ फिरली नाही. ते बायाक्काकडे बघत होते आणि बायाक्का त्यांच्या पायांकडे.

"त्यो म्हनला आसं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आण्णा."

"मग उचलाया पायजे," ते म्हणाले आणि उठले.

त्यांनी आंघोळ केली. ओल्या धोतरानंच ते देवळाकडे निघाले, तोवर वस्तीवरची माणसं गोळा झाली होती. बायका बाहेरच्या कट्ट्याशी उभ्या राहिल्या. पुजाऱ्यानं आण्णांच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं आणि वर भंडाऱ्याची चिमूट टाकली. मी त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होतो. हात जरा कापला तरी मला पुरे होतं. तो कापला, पण ओल्या अंगाला माळावरचा वारा लागत होता, म्हणून कापला असेल. अजूनही मला ते ठरवता आलेलं नाही.

"मायाप्पानं घाव घातल्यालं म्या ह्या डोळ्यांनी बगितलं," सुबराव आण्णा म्हणाले. "खोटं आसंल तर माज्या नातवंडांचं वाटुळं हुईल."

त्यांनी भंडारा कपाळाला लावला आणि देवावर उधळला. मग मागे वळून न बघता वस्तीकडे चालू लागले.

मी बायाक्काकडे बघायचं टाळत होतो. शेवटी बघितलं, तर ती कट्ट्यावरच्या भंडाऱ्याला बोटं लावून कपाळावर ओढत होती, चिमूटभर पदराच्या टोकाला बांधत होती. देवाला आलेली कुठलीही बाई करते तसं. ती रडली नाही. परत येताना ती माझ्या मागे होती.

"केलंय त्येनी," बऱ्याच अंतरानं ती म्हणाली. एवढंच.

मला तिथे गप्प बसवेना. मी तावातावानं बोलत सुटलो. हळद ती हळदच, म्हणालो. माणूस खोटं बोलायचंच ठरवतो तेव्हा हातात हळद आहे की कुंकू याला महत्त्व नसतं. म्हाताऱ्यानं कोर्टात जे एकदा सांगितलं ते भावकीसमोर फिरवलं असतं तर त्याला वस्तीत तोंड दाखवायला जागा उरली नसती, म्हणून उचललं. बायाक्का थांबली आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझं बोलणं तिथेच आटलं. देवळात थुंकणाऱ्याकडे बघावं तसं ते बघणं होतं.

"मग उद्या मायाप्पाला काय सांगायचं?" मी नरमाईनं विचारलं.

फाट्यावर एसटीची वाट बघताना ती एका जागी बसेना. मीही बसेना. दोन अनोळखी माणसांसारखे आम्ही रस्त्याच्या दोन कडांना येरझाऱ्या घालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. भेटीच्या खोलीत मायाप्पाला आणलं तेव्हा तो दाढी करून आला होता. मी पॅड उघडलं. मी काही बोलायच्या आत त्यानं बायकोला विचारलं.

"उचलला?"

"न्हाई," बायाक्का म्हणाली.

माझ्या हातातलं पॅडचं झाकण खाली पडलं. ते उचलायला मी वाकलो, आणि बरं झालं वाकलो, कारण माझं तोंड मायाप्पाला दिसलं असतं तर सगळंच संपलं असतं. वर आलो तेव्हा तो बायकोकडे रोखून बघत होता.

"काय म्हनला आण्णा?"

"काय बी न्हाई. पान हातावर घेतलं आन खाली ठिवलं. म्हनला, माज्यानं हुनार न्हाई."

"मला वाचवाया बोलतीयास तू."

"न्हाई वो."

"मग तू उचल," मायाप्पा म्हणाला. "बाळूची आन घिऊन उचल."

इथं भंडारा कुठला आणणार, असं म्हणून मी मध्ये पडणार होतो. पण बायाक्कानं पदराचं टोक पुढे ओढलं आणि गाठ सोडायला सुरुवात केली. गाठ घट्ट बसली होती. तिची नखं सरकत होती, मग तिनं दातांनी ओढून ती सोडली. तळहातावर भंडारा घेतला. बेल नव्हता. मायाप्पानं त्याबद्दल काही विचारलं नाही.

आदल्या दिवशी हळद ती हळदच म्हणून व्याख्यान देणारा मी, त्या क्षणी तिचा हात धरायला पुढे झालो होतो. बाळूला मी कधी पाहिलंही नव्हतं. पण त्या पोराच्या नावानं ती आता काय बोलणार आहे, ते मला ऐकायचं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी धरलाही नाही तिचा हात.

"आण्णानं भंडारा उचलला न्हाई," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "खोटं आसंल तर माज्या बाळूचं वाटुळं हुईल."

तिनं तो कपाळाला लावला. मायाप्पानं पुढे होऊन तिच्या तळव्यावरची उरलेली पिवळी धूळ बोटावर घेतली आणि स्वतःच्या कपाळाला लावली. मग त्यानं अंगठा माझ्यापुढे धरला. मी तो शाईवर टेकवला, कागदावर दाबला. ठसा उठून झाला तरी त्याचा हात माझ्या हातात होता, कारण त्याला हुंदका आवरत नव्हता.

"म्हंजे म्या न्हाई," तो म्हणाला. "म्या न्हाई केलं, सायेब."

हवालदारसुद्धा दुसरीकडे बघायला लागला.

बाहेर पडल्यावर बायाक्का धावत सुटली म्हणायची. अर्ज जेलच्या ऑफिसात देऊन, पोच घेऊन मी स्टँडवर गेलो, तर ती आईच्या गावच्या गाडीची दर माणसाला चौकशी करत होती. तिला एकटीला पाठवायचा मला धीर झाला नाही. मी बरोबर गेलो. गाडीत तिनं एकदाच तोंड उघडलं. उद्या बाळूला काही झालं तर ते तिच्यामुळे, मालकांना तसं कधी कळू द्यायचं नाही, असं तिनं मला बजावलं. मायाप्पानं खून केला आहे याबद्दल तिच्या मनात आता शंका नव्हती. खुनी असला तरी तो तिला जिवंत हवा होता, आणि त्यासाठी तिनं जे काय होतं ते हातावर ठेवलं होतं.

बाळू घराच्या छपरावर चढून पतंग काढत होता. आईनं त्याला खाली उतरवला, त्याचं अंग चाचपलं आणि पाटावर बसवून ठेवला. तो कुरकुरत होता. मी चहा न घेता निघालो.

अर्जाला उत्तर यायला वर्ष उलटून गेलं. त्या काळात मी बायाक्काला जेलच्या दारात अधूनमधून भेटत असे. ती दर भेटीला यायची, नवऱ्याला घरच्या गोष्टी सांगायची, आणि बाहेर आली की बाळूला धरून बसायची. तिनं त्याला नदीवर पोहायला जाऊ दिलं नाही, झाडावर चढू दिलं नाही, एकदा गोवराची साथ आली तेव्हा महिनाभर दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मग एके दिवशी खासनीसांनी मला बोलावून कागद पुढे टाकला. दया मंजूर झाली होती. फाशीच्या जागी जन्मठेप.

मी पेढे घेतले आणि थेट तिच्या आईच्या गावी गेलो. बायाक्का शेणानं अंगण सारवत होती. मी बातमी सांगितली. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि मान हलवली. मला वाटलं, तिला नीट कळलेलं नाही. मी पुन्हा सांगितलं, फाशी गेली म्हणून.

"कळलं," ती म्हणाली. "सायेब, बाळ्याला बगितलं का?"

बाळू समोरच्या चिंचेवर होता, चांगला वर, पोरांशी भांडत चिंचा पाडत होता.

"वरीस सरलं," बायाक्का म्हणाली. "त्येला साधा ताप न्हाई आला. वरीस सरलं त्या दिवशी म्या रातभर त्येच्या उशाला बसले. सकाळी उटला आन भाकरी मागाया लागला."

"चांगलंच झालं की."

"म्हंजे भंडारा उचलून खोटं बोलता येतंय."

ती उंबऱ्यावर बसली. तिचा चेहरा हळूहळू असा काही बदलत गेला की मला तिथून उठावंसं वाटलं.

"मग आण्णाबी बोलला आसंल," ती म्हणाली. "म्या वरीसभर मालकांना खुनी समजून भेटाया जात हुते, सायेब. त्येंच्या हाताकडं बगवत नव्हतं मला." आणि ती रडायला लागली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

मग एकदम डोळे पुसून ती उठली. आत्ताच्या आत्ता कोर्टात चला म्हणाली. मी सोता सांगते जजसायेबाला, मी खोटा भंडारा उचलला, मला काय झालं न्हाई, माज्या पोराला काय झालं न्हाई, मग आण्णाचं खरं कशावरनं? ती चप्पल शोधत होती. मी तिला खाली बसवलं आणि पुन्हा त्याच वकिली सुरात समजावू लागलो. खटला कधीच संपला, कोर्टानं त्या भंडाऱ्याकडे बघितलंच नव्हतं, कोर्टाला त्याच्याशी काही कर्तव्य नाही, असं सगळं. ती ऐकत होती. या वेळी मन लावून ऐकत होती.

"मग कोर्टानं आण्णाचं खरं कशावरनं धरलं?" तिनं विचारलं.

"त्यांनी शपथेवर सांगितलं म्हणून."

बायाक्का माझ्याकडे बघत राहिली.

"म्या बी शपथंवरच सांगितलं हुतं की," ती म्हणाली.